गोष्टीला नको ती माणसं

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की कमलताई स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. दाराआडच्या भिंतीवर एक फळा होता. त्यांनी आयुष्यभर जिथे शिकवलं ती मराठी शाळा मुलांअभावी बंद पडली, तेव्हा तेवढी एक वस्तू त्यांनी रिक्षात घालून हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरी आणली होती. आता फळ्यासमोर एकच विद्यार्थिनी असे, त्यांची नात तेजश्री. इंग्रजी शाळेत चौथीत होती.

"सर्वनाम म्हणजे?"

"नामाऐवजी येतं ते."

"का येतं?"

"नाम सारखं सारखं घ्यायला लागू नये म्हणून."

कमलताईंनी स्टीलच्या डबीतून खडीसाखरेचा एक खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. बरोबर उत्तराला खडा, चुकलं की "परत". त्या ओरडत नसत. शाळेतही त्यांनी कधी हात उगारला नव्हता. उत्तर बरोबर येईपर्यंत त्या शांतपणे "परत" म्हणत राहत, आणि मूल रडायला लागलं तर रडणं संपेपर्यंत थांबून पुन्हा "परत" म्हणत.

"आता तीन वाक्यं दे. आईवर."

"आई लॅबमध्ये जाते. आईला उशीर होतो. आई मला गाडीवरून..."

"कान किटले गं. आई, आई, आई! नाव किती वेळा घ्यायचं?"

"एकदा."

"मग?"

"आई लॅबमध्ये जाते. तिला उशीर होतो. ती मला गाडीवरून शाळेत सोडते."

"कुणाबद्दल बोलतोय ते मला माहीत, तुला माहीत. मग पहिल्यांदा तरी कशाला हवं?"

तेजश्रीनं खडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "ती लॅबमध्ये जाते."

"शाबास." आणखी एक खडा.

ती म्हणजे वृषाली, कमलताईंची सून. हे घर सोडून ती मलकपेठला माहेरी गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. तिचे वडील भगवंतराव बी-बियाणांचे व्यापारी. बीदरकडची शेती सोडून आजोबांच्या वेळी शहरात आलेलं घर. घरात बोलतात मराठीच, पण हैदराबादी वळणाची, "हौ" आणि "नक्को"वाली. वृषाली रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. औषधांच्या कंपनीत गोळ्यांची तपासणी करायची, आणि तिथे तिचं माप चुकत नसे. सासरी बोलताना मात्र चुकायची. एकदा गौरीच्या जेवणाची पंगत बसलेली असताना तिनं एका पाहुण्याला "वरण नक्को का?" असं विचारलं. कमलताईंनी तिला तिथेच थांबवलं. "नको. म्हण." वृषाली "नको" म्हणाली. "परत. अजून तो क जड होतोय. परत." वरणाचं पातेलं हातात होतं, आणि ते गरम होतं. पाहुणे हसले. वृषालीनं उच्चार सुधारला, पंगतीला शेवटपर्यंत वाढलं आणि मग मोरीत जाऊन तळहात नळाखाली धरले. अशी जेवणं बरीच झाली. मग एक दिवस ती मुलीला घेऊन गेली.

घटस्फोटाला कुणाचीच हरकत नव्हती. भांडण मुलीवरून होतं. निकाल लागेपर्यंत मुलगी आठवडाभर आईकडे आणि शनिवार-रविवार वडिलांकडे, अशी कोर्टानं सोय लावून दिली होती. वडील कौस्तुभ. शनिवारी तो आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसे. त्याला मुलगी हवी आहे का, असं कुणी विचारलं असतं तर तो आधी आईला विचारायला गेला असता. हवी होती ती कमलताईंना. त्यांच्या घरात वकिली झाली होती, मास्तरकी झाली होती, कपाटं भरून पुस्तकं होती. कौस्तुभला मराठी वाचता येई, पण तो वाचत नसे. पुढे उरली ही एक, आणि ती मलकपेठला राहून "नक्को" म्हणायला शिकत होती. कमलताईंना नात शनिवार-रविवारपुरती नको होती. सबंध हवी होती.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर न्यायाधीश मुलीशी स्वतः बोलणार होत्या. वकील एकनाथराव घरी आले तेव्हा चहा पिताना म्हणाले, "मूल काय बोलतं त्यावर पुष्कळ अवलंबून आहे, कमलताई. फक्त एक सांभाळा. तिला पढवलंय असं दिसता कामा नये."

"पढवतात ते दुसरे," कमलताई म्हणाल्या. "मी शिकवते."

त्या दुपारी फळ्यावर सर्वनामाचे प्रकार आले. कमलताईंचं अक्षर अजून छापल्यासारखं येई.

"पुरुषवाचक. मी, तू, आणि तिसरी?"

"ती."

"मी इथे आहे, तू इथे आहेस. जी इथे नाही ती तिसरी. पुढे, दर्शक. जवळची ही, लांबची ती. संबंधी सर्वनामाचं वाक्य दे."

"जो अभ्यास करतो तो पास होतो."

"ते पुस्तकातलं. आपलं दे. जी..."

"जी... जी जाते..."

"हं."

"जी जाते ती परत येते?"

"येते का?"

तेजश्रीनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं. "जी जाते ती परत येत नाही."

"प्रश्नार्थक?"

"घर सोडून कोण गेलं?"

"आत्मवाचक?"

"ती स्वतः गेली."

"कुणी हाकललं होतं का?"

"नाही. ती स्वतः गेली."

डबी दोनदा उघडली. तेजश्री हुशार होती, आणि तिला इथे यायला आवडायचं. शाळेत तीसेक मुलांत कुणाचं तिच्याकडे लक्ष नसे. मलकपेठला सगळे प्रेम करत, पण टीव्ही चालू असताना. इथे एक माणूस दार लोटून फक्त तिचंच बोलणं ऐकायचं. रविवारी आजी तिला गोष्टी सांगे. राजाच्या, कोल्ह्याच्या, बोलणाऱ्या भोपळ्याच्या. त्या ऐकताना ती आजीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसायची. कमलताई तो पदर सोडवून घेत नसत.

रविवारी संध्याकाळी वृषाली स्कूटर घेऊन न्यायला आली. ती फाटकाच्या आत येत नसे.

"आपण आलात," कमलताई व्हरांड्यातून म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या सुनेला अगं-तुगंच करत. घर सोडल्यापासून तिची आपण झाली होती. "आत यावं. पाणी तरी घ्यावं आपण."

"नक्को," वृषाली म्हणाली. जड क मुद्दाम काढला की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पुढच्या शनिवारी कमलताईंनी फळा पुसून एक डोंगर काढला. पायथ्यापासून पायथ्यापर्यंत पाच ठिपके दिले.

"गोष्टीची पाच अंगं. सुरुवात. मग गुंतागुंत, काहीतरी बिघडतं. हे टोक म्हणजे उत्कर्षबिंदू, इथे ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. मग उकल. मग शेवट. आता आपण एक गोष्ट रचू. सुरुवात कर."

"एक राजा होता?"

"एक घर होतं."

"एक घर होतं. त्यात आजी, बाबा आणि एक मुलगी राहत होते."

"आणि?"

"आणि ती."

"छान चाललंय. आता बिघडायला हवं. गोष्टीत उगाच काही बिघडत नाही, कुणामुळे तरी बिघडतं. कुणामुळे?"

तेजश्री नखं कुरतडू लागली.

"परत विचारते. कुणामुळे?"

"तिच्यामुळे."

दोन शनिवार गोष्ट डोंगर चढत राहिली. उत्कर्षबिंदूसाठी कमलताईंनी तिला विचारलं, मलकपेठला असताना तुला कधी खूप भीती वाटली का. तेजश्रीला आठवला तो तापाचा दिवस. पावसाळ्यात तिला सणकून ताप आला होता आणि वृषालीला त्याच दिवशी लॅबमध्ये जावं लागलं होतं. बाहेरच्या देशातून तपासणीला माणसं यायची होती, रजा मिळाली नव्हती.

"म्हणजे तू तापात होतीस, आणि ती गेली," कमलताई म्हणाल्या.

"हो. पण चतुराआजी होती ना. तिनं मला पेज दिली. भगवंतआबांनी डॉक्टरांना बोलावलं. आई सारखी फोन..."

"थांब." कमलताईंनी खडू खाली ठेवला. "राजाच्या गोष्टीत राजाचा स्वयंपाकी असतो का?"

"नाही."

"राजा जेवत नव्हता?"

"जेवत असेल."

"मग स्वयंपाकी का नाही गोष्टीत? कारण गोष्टीला तो नको आहे. जगात खूप माणसं असतात, बाळ. गोष्टीला नको ती माणसं काढून टाकायची, म्हणजे गोष्ट चांगली होते. यात खोटं काही नाही. आता परत सांग."

"मला ताप आला होता. ती मला सोडून लॅबमध्ये गेली. चतुराआजीनं..."

"परत."

"मला ताप आला होता. ती मला सोडून गेली."

"मग तू घरात कशी होतीस?"

तेजश्री पाटावरून फळ्यावरच्या डोंगराच्या टोकाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले. कमलताई थांबल्या. डबी त्यांच्या मांडीवर बंद होती.

"एकटी," तेजश्री म्हणाली.

कमलताईंनी तिला जवळ घेतलं. त्यांचेही डोळे ओले झाले होते. गोष्ट खरोखरच चांगली झाली होती.

मलकपेठला ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी वृषालीनं दार उघडलं तेव्हा तेजश्री आतल्या आजीला ओरडून म्हणाली, "ती आली!"

चतुराबाई, वृषालीची आई, पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "आगं माय! आपल्या मायला ती म्हणून रायली? काय शिकवून रायले गं तिकडं तुला?"

"सर्वनाम," तेजश्री म्हणाली.

"थोबाड फोडीन त्या सर्वनामाचं. वृषाली, तू बोल की काही. मुकी झाली का?"

वृषालीनं चप्पल काढून हात धुतले. आदल्या रात्री मुलगी झोपेत ताप आल्याचं काहीतरी पुटपुटली होती, ते तिच्या कानावर होतं. रात्रीच्या जेवणानंतर मुलीच्या वेण्या सोडताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेजू, तुला ताप आला होता ना एकदा, त्या दिवशी घरात कोण होतं गं?"

"कुणी नाही. मी एकटी होते," तेजश्री म्हणाली. तिचा स्वर पाठ केलेल्या कवितेचा होता.

वृषालीचे हात थांबले नाहीत. दुसरी वेणी घेतली. थोड्या वेळानं तिनं तोच प्रश्न तेलुगूत विचारला. शाळेच्या बसमध्ये, खालच्या अंगणात, मैत्रिणींशी तेजश्री दिवसभर तेलुगूच बोलत असे.

"अम्मम्मा होती की," तेजश्री तेलुगूत म्हणाली. तेलुगूत चतुराआजी तिची अम्मम्मा असे. "पेज दिली, ती मी सांडली. तू किती फोन केलेस! अम्मम्मा म्हणाली, तुझ्या आईला फोन चिकटलाय."

वृषालीनं खात्री करण्यासाठी तिसऱ्यांदा विचारलं, मराठीत. एकटी. मग पुन्हा तेलुगूत. अम्मम्मा होती.

मुलगी खोटं बोलत नव्हती. तिला दोन्ही आठवत होतं, वेगवेगळ्या ठिकाणी. वृषालीला त्या क्षणी मुलीला सांगता आलं असतं की बाळा, तू एकटी नव्हतीस. मुलीच्या मनातली ती रिकाम्या घराची भीती तिथेच पुसता आली असती. पण पुसली असती तर कोर्टात दाखवायला काही उरलं नसतं. तिनं केस विंचरले, रबर लावलं आणि दिवा मालवताना एवढंच म्हणाली, "जज मॅडम तेलुगू आहेत असं ऐकलंय. त्या ज्या भाषेत विचारतील त्या भाषेत बोल हं."

पुढचे तीन आठवडे तेजश्री झोपेत दचकून उठायची आणि म्हणायची, मी एकटी आहे. वृषाली तिला थोपटायची. काही बोलायची नाही.

न्यायाधीशांच्या खोलीत मोठं टेबल होतं आणि टेबलावर चॉकलेटांची वाटी होती. न्यायाधीश बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तेजश्रीला शेजारच्या खुर्चीत बसवलं. बाकी सगळे बाहेर बाकावर होते. एका टोकाला कमलताई आणि कौस्तुभ, दुसऱ्या टोकाला वृषाली.

तेजश्री पाठ ताठ करून बसली. "एक घर होतं," तिनं सुरुवात केली. "त्यात आजी, बाबा आणि एक मुलगी..."

न्यायाधीश बाई हसल्या आणि लाडानं म्हणाल्या, "मला मराठी येत नाही, बंगारम. तेलुगूत सांगतेस? की इंग्रजीत?"

तेजश्री गोंधळली. गोष्ट तिला पाठ होती, पण तेलुगूत तिनं ती कधी सांगितली नव्हती. उत्कर्षबिंदूला तेलुगूत काय म्हणतात तेही माहीत नव्हतं. ती एकेक वाक्य इकडून तिकडे नेऊ लागली. "मला ताप आला. अम्मा लॅबला गेली."

"अरेरे. मग घरात कोण होतं?"

"अम्मम्मा होती. तातय्या होते. डॉक्टर आले." ती थबकली. मग तिला आठवलं आणि तिनं घाईनं दुरुस्ती केली. "पण त्यांना गोष्टीत घ्यायचं नाही."

"का नाही?"

"नानम्मा म्हणते, नको ती माणसं काढली की गोष्ट चांगली होते." तेलुगूत काचीगुड्याची आजी तिची नानम्मा होती, मलकपेठचे आबा तातय्या.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठली गोष्ट?"

"तुम्हाला सांगायची ती." एवढं लक्ष देऊन ऐकणारं माणूस तिला फळ्यापुढेच भेटलं होतं. ती खुलली. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर तिनं डोंगर काढला, पाच ठिपके दिले आणि प्रत्येक ठिपक्यावर काय येतं ते तेलुगूत समजावून सांगितलं. इथे घर. इथे अम्मामुळे बिघडतं. इथे मी एकटी, म्हणजे नव्हते, पण इथे असायला लागतं. इथे रडायचं.

"आणि हा शेवटचा?"

"शेवट तुम्ही लिहायचा. मी नानम्माकडे राहते असा."

"आणि तुला काय हवंय, बंगारम? गोष्ट राहू दे."

हा प्रश्न कुणी शिकवलेला नव्हता. तेजश्रीनं डोंगराचा कागद बाजूला सारला. "आता आहे तसंच," ती म्हणाली. "अम्माकडे राहायचं. आणि शनिवारी नानम्माकडे जायचं. ती दार लावून मला गोष्टी सांगते. ते मला सगळ्यात आवडतं."

न्यायाधीश बाईंनी तिला दोन चॉकलेटं दिली आणि शनिवार बंद केले.

मुलगी आईकडे राहील. वडील रविवारी दिवसा भेटू शकतील, मात्र आजीच्या घरी न नेता. आजीची भेट महिन्यातून एकदा, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशक बाईंच्या समोर. हे वाचून झाल्यावर न्यायाधीश बाईंनी वृषालीला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का.

"एकच विनंती," वृषाली इंग्रजीत म्हणाली. "भेटीत जे बोलणं होईल ते समुपदेशक मॅडमना समजेल अशा भाषेत व्हावं."

मागणी रास्त होती. मंजूर झाली. समुपदेशक बाई वरंगळकडच्या होत्या, मराठी त्यांना कळत नसे.

आपल्याकडून काय काढून घेतलं गेलं ते कमलताईंना बाहेर आल्यावर हळूहळू कळत गेलं. एकनाथराव जिना उतरून गेले होते, कौस्तुभ फोनवर टॅक्सी शोधत होता. तेजश्री पळत आली. तिच्या मुठीत दोन्ही चॉकलेटं होती, एक तिनं आजीसाठी राखलं होतं.

"आजी, मी पाचही अंगं सांगितली! डोंगर काढून!"

"कुठल्या भाषेत?"

"तेलुगूत. त्यांना मराठी..."

"तुला काय शिकवलं होतं मी?" कमलताईंचा आवाज वर गेला नाही. वर्गातल्यासारखाच होता. "एक गोष्ट धड सांगता आली नाही तुला. घालवलंस सगळं. आजी गेली तुझी. कुणामुळे गेली? सांग. तुझ्यामुळे."

तेजश्रीनं हात तसाच पुढे धरला होता. चॉकलेट कुणी घेतलं नाही. वृषाली बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, तिनं हे ऐकलं. मध्ये पडली नाही. सासूबाईंचं वाक्य पूर्ण होऊ दिलं, मग मुलीचा हात धरला आणि तिला घेऊन गेली.

मुलांच्या खोलीत छोट्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. भिंतीवर रंगवलेल्या हत्तीचे पोपडे निघाले होते. कमलताई त्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी येतील अशा बसल्या. समुपदेशक बाई कोपऱ्यातल्या टेबलापाशी मोबाईल बघत होत्या. येताना कमलताईंनी खडीसाखरेची डबी आणली होती. तेजश्रीनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि आपल्या बाजूला ठेवली.

"बाळा, कशी आहेस गं?" कमलताई म्हणाल्या.

"अम्मा, मराठी नक्को," कोपऱ्यातून समुपदेशक बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "मेरेकु समझना ना? तेलुगू, इंग्लिश, थोडा-थोडा हिंदी भी चलता."

कमलताई हैदराबादला लग्न होऊन आल्या, तेव्हापासून इथेच होत्या. तेलुगू त्यांना येत नव्हतं. येण्याची गरज नाही असं त्या म्हणत. भाजीवालीला माझं कळतं, मला तिचं कळून काय करायचं आहे. बाजारापुरती हिंदी होती. ती वापरून त्यांनी नातीला विचारलं, "कैसी है तू?"

तेजश्रीनं तेलुगूत उत्तर दिलं. लांबलचक. कमलताईंना त्यातला एक शब्द कळला, नानम्मा.

"हिंदी में बोल ना, बेटा."

तेजश्री पुन्हा तेलुगूत बोलली. समुपदेशक बाई हसल्या. "वो बोलती, तुमको सिखाएगी. सीखो ना अम्मा, पोती इतना प्यार से बोल रही!"

खोलीत मुलांसाठी एक लहान फळा होता. तेजश्री उठली, तिनं खडू घेतला. आजीच्या समोर उभी राहिली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "नेनु."

कमलताईंना कळायला क्षणभर लागलं. मी. "नेनू," त्या म्हणाल्या.

"नेनु," तेजश्री म्हणाली. "मळ्ळी."

मळ्ळी म्हणजे काय ते कमलताईंना कुणी सांगावं लागलं नाही. स्वर त्यांच्याच "परत"चा होता.

"नेनु."

मग बोट आजीकडे. नुव्वु. तू. मग दाराकडे, दारापलीकडे बाकावर बसलेल्या वृषालीकडे. आमे. ती. प्रत्येक शब्द तीन-चार वेळा झाला. कमलताईंच्या जिभेला ते वळत नव्हते. कोपऱ्यातल्या बाईंनी मोबाईल बाजूला ठेवला होता आणि कौतुकानं बघत होत्या. पुढच्या भेटी जरा वाढवायला हरकत नाही, असं त्या मनात म्हणत असाव्यात.

तेजश्रीनं फळ्यावर डोंगर काढला. पाच ठिपके दिले. दुसऱ्या ठिपक्यावर, जिथे बिघडतं तिथे, खडू टेकवून ती वळली.

"एवरि वल्ल?"

"कौन के वजह से, पूछ रही," समुपदेशक बाईंनी मदत केली.

कमलताईंनी नातीकडे पाहिलं. खडू धरायची पद्धत, मान किंचित कलती ठेवून उत्तराची वाट बघणं, सगळं त्यांनी शिकवलेलं होतं. विद्यार्थिनी उत्तम तयार झाली होती.

"आमे वल्ल," त्या म्हणाल्या. तिच्यामुळे.

तेजश्रीनं नाही अशी मान हलवली. "मळ्ळी."

"जज..."

"मळ्ळी."

कमलताईंनी फळ्याकडे पाहिलं. एक शब्द उरला होता, तोही आता त्यांना येत होता. नुव्वु. तूच. कोर्टाच्या पडवीत त्यांनी तो मराठीत वापरला होता. तेजश्री हलली नाही. आजी तो शब्द पुन्हा वापरते का, हे बघायला ती थांबली होती. कमलताईंचे डोळे भरून आले. तेजश्री थांबली. रडणं संपेपर्यंत थांबली.

"मळ्ळी."

"नेनु," कमलताई म्हणाल्या. "नेनु... वल्ल."

"ना वल्ल," तेजश्रीनं दुरुस्त केलं.

"ना वल्ल." माझ्यामुळे.

समुपदेशक बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वाह अम्मा! पहलेच दिन!"

तेजश्रीनं डबी उघडली. खडीसाखरेचे खडे बोटानं चाळले, त्यातला मोठा बघून उचलला. कमलताईंचा हात आपोआप पुढे आला, तळवा वर.

तेजश्रीनं खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"मळ्ळी," ती म्हणाली.